मुक्तिफौजेची आई

नगरकडच्या बायकांना ‘बूथ हॉस्पिटल’ हे नाव नवीन नाही. त्याचं पूर्ण नाव इव्हँजेलिन बूथ हॉस्पिटल. ही इव्हँजेलिन म्हणजे मुक्तिफौजेची, म्हणजेच साल्व्हेशन आर्मीची पहिली स्त्री सेनापती. १९३४ साली जगभरच्या या संघटनेची सूत्रं तिच्या हाती आली. पण मैत्रिणींनो, आज सांगायचंय ते तिच्या आईबद्दल. कारण आईनं चौऱ्याहत्तर वर्षं आधी एका रविवारी तोंड उघडलं नसतं, तर लेकीला ही वाट मिळालीच नसती.

आईचं नाव कॅथरिन. माहेरची ममफर्ड. १७ जानेवारी १८२९ रोजी इंग्लंडमधल्या अ‍ॅशबोर्न गावी तिचा जन्म झाला. आई फार धार्मिक आणि कडक. मुलीला वाईट संगत लागेल म्हणून शाळेत न धाडता बरीच वर्षं घरीच शिकवलं. बारा वर्षांची होईपर्यंत कॅथरिननं अख्खं बायबल आठ वेळा वाचून काढलं होतं. चौदाव्या वर्षी पाठीचा कणा वाकला आणि कित्येक महिने अंथरुणावर गेले. मग छातीचा विकार जडला. दुखणं जन्मभर सोबतीला राहिलं. पण पडल्यापडल्या तिनं जे वाचलं, तेच पुढे कामी आलं.

१८५२ साली तिची विल्यम बूथशी ओळख झाली. गरिबीतून वर आलेला, गहाणवटीच्या दुकानात उमेदवारी केलेला हा तरुण धर्मोपदेशक. पोरवयात त्यानं आपल्या गावच्या चर्चमध्ये वस्तीतली फाटकी मुलं नेऊन पुढच्या बाकांवर बसवली. तेव्हा त्याला बजावण्यात आलं, की यापुढे अशांना मागच्या दारानं आणायचं आणि कुणाला दिसणार नाहीत असं बसवायचं. तेव्हा तिथल्या पुष्कळ चर्चमध्ये चांगली बाकं पैसेवाले लोक भाड्यानं घेत असत. देवाच्या दारातसुद्धा पुढची जागा आणि मागची जागा! आपल्याला हे काही परकं वाटायला नको.

१८५५ साली दोघांचं लग्न झालं. लग्नाआधीच कॅथरिननं त्याला पत्रातून बजावलं होतं, की स्त्रीची बुद्धी पुरुषापेक्षा कमी, हे मला मान्य नाही. विल्यमला ते सगळंच्या सगळं तेव्हा पटलं नव्हतं, पण लग्न मोडलं नाही आणि तिनं मतही सोडलं नाही.

तरी स्वतः बोलायची वेळ आली की ही बाई लाजायची. १८५९ साली फीबी पामर नावाची अमेरिकन बाई इंग्लंडमध्ये प्रवचनं करत होती आणि एक पाद्री तिच्यावर तुटून पडला होता. बायकांनी चर्चमध्ये गप्प बसावं, असं संत पौलानं लिहिलंय, हा आधार. कॅथरिननं उत्तरादाखल एक पुस्तिकाच लिहिली. तेव्हा ती चौथ्या खेपेची गरोदर होती, घरात तीन लहान पोरं. तिनं धर्मग्रंथ बाजूला सारला नाही. तोच उघडून दाखवला. पौलाचं ते सांगणं एका गावच्या एका गोंधळापुरतं आहे, आणि त्याच पत्रात प्रार्थना करणाऱ्या, देवाचा संदेश सांगणाऱ्या बायकांचाही उल्लेख आहे. येशू पुन्हा उठला ही बातमी सगळ्यांत आधी सांगायला गेली ती मग्दालिया मरियाच. मग बायकांचं तोंड बंद करायचा अधिकार कुणाला?

लिहिणं वेगळं आणि उभं राहणं वेगळं. १८६० सालच्या मे महिन्यात गेट्सहेडच्या चर्चमध्ये विल्यमचं प्रवचन संपत आलं होतं. हजारभर माणसं बसलेली. कॅथरिन जागेवरून उठली आणि चालत पुढे गेली. बायकोला बरं वाटत नसावं, असंच त्याला वाटलं. तिनं सांगितलं, मला दोन शब्द बोलायचेत. ती बोलली, आणि विल्यमनं तिथंच जाहीर केलं, की संध्याकाळचं प्रवचन हीच करील. पुढे तो आजारी पडला, तेव्हा कित्येक आठवडे त्याचं सगळं काम तिनंच रेटलं. आठ मुलांची आई झाली, तरी बोलणं थांबलं नाही.

१८६५ साली कुटुंब लंडनला आलं. लंडनचा पूर्व भाग, ईस्ट एंड, म्हणजे गोदीवरचे रोजंदार, एकेका खोलीत कोंबलेली कुटुंबं, घरबसल्या काडेपेट्या चिकटवणाऱ्या बाया आणि जागोजाग दारूचे गुत्ते. चर्चची पायरी यांतला क्वचितच कुणी चढे. विल्यम तिथं रस्त्यावर उभं राहून बोलू लागला. एका रात्री घरी येऊन म्हणाला, माझी जागा हीच. या वस्तीतून पैसा काय मिळणार? कॅथरिननं संसाराचा विचार केला आणि होकार दिला. शहराच्या श्रीमंत भागात तिच्या प्रवचनांना गर्दी व्हायची. तिथं ती सुखवस्तू लोकांना त्यांच्याच शहरातल्या गरिबीबद्दल खडे बोल सुनवायची, आणि त्या कमाईवर घर चालायचं.

या कामालाच १८७८ मध्ये साल्व्हेशन आर्मी हे नाव मिळालं. त्याच्या आठ वर्षं आधीच संस्थेच्या नियमांत आलं होतं, की बाईला कोणतंही पद घेता येईल. घरकाम करणाऱ्या, गिरणीत राबणाऱ्या साध्या पोरी गणवेश घालून भर चौकात उभ्या राहू लागल्या. दगड बसले, चिखल बसला. १८८२ या एका वर्षात फौजेच्या ६६९ जणांना मार खावा लागला आणि त्यात २५१ बाया होत्या. हेही सांगायला हवं, की पदं सारखी असली तरी पगार सारखा नव्हता. बायकांच्या हातात पुरुषांपेक्षा कमीच पडायचं. बोलण्याचा हक्क मिळाला म्हणून सगळं मिळालं, असं होत नाही.

१८८५ साली तिनं आणखी एक लढा घेतला. इंग्लंडमध्ये मुलीचं संमतिवय तेव्हा अवघं तेरा होतं आणि गरिबांच्या पोरी देहविक्रीच्या बाजारात सर्रास ओढल्या जात. कॅथरिननं सभा गाजवल्या, राणी व्हिक्टोरियाला पत्रं लिहिली. मुक्तिफौजेनं तीन लाखांहून जास्त सह्यांचा अर्ज पार्लमेंटला दिला. त्याच वर्षी संमतिवय सोळा झालं. त्याच सुमाराला इकडे मुंबईत आपल्या रखमाबाई बालपणी लावलेलं लग्न नाकारून कोर्टात झगडत होत्या. दोघींची कधी गाठ पडली, असं काही नाही. पण प्रश्न एकच होता, पोरीच्या देहावर हक्क कुणाचा?

१८८८ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं. शस्त्रक्रिया तिनं नाकारली. त्या जूनमध्ये लंडनला शेवटचं जाहीर भाषण केलं आणि ४ ऑक्टोबर १८९० रोजी ती गेली. पुढच्या वर्षी फौजेनं ईस्ट एंडमध्ये काडेपेट्यांचा कारखाना काढला. इतर कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसनं बायकांचे जबडे सडायचे. इथं निर्धोक लाल फॉस्फरस वापरला आणि मजुरीही जास्त दिली. कारखाना फार वर्षं चालला नाही, पण असं करता येतं हे दिसलं.

मुक्तिफौज आपल्याकडे तिच्या हयातीतच आली होती. १९ सप्टेंबर १८८२ रोजी मुंबईच्या धक्क्यावर चौघं उतरली, त्यात एक स्त्री होती. तिची लेक एमा तर भारतात साडी नेसून, अनवाणी फिरली. या सगळ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपवायचं कारण नाही. सगळ्यांना तो पटेल असंही नाही. मी स्वतः हिंदू घरातली, देवपूजा करणारी. तरी कॅथरिनकडून घेण्यासारखं मला एक दिसतं.

मी आमच्या गावच्या वस्तीत बचतगटाचं काम करते. पाण्याचा नळ का येत नाही, हे बायकांना नेमकं ठाऊक असतं. पण सभेत साहेब समोर आले, की पदर सारखा करून मागं सरकतात. धर्मात नाही, रीत नाही, घरचे काय म्हणतील, ही कारणं तयारच असतात. कॅथरिनपाशीही ती होती, शिवाय वाकलेला कणा आणि कडेवरचं पोर होतं. ज्या ग्रंथाचं नाव सांगून तिला गप्प बसवत होते, तो तिनं त्यांच्याहून नीट वाचला होता. म्हणून ती उठू शकली. आपल्यालाही नियम काय आहे, ठराव काय झालाय, कागदावर काय लिहिलंय, हे आपल्या डोळ्यांनी वाचायला हवं. पुढच्या ग्रामसभेला जाताना तेवढं वाचून जाऊ या. मग उठायला फार वेळ लागणार नाही.