वाडीचे राखणदार

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे नाव उच्चारले की लोखंडी नांगर आठवतो. परंतु त्यांच्या हातून घडलेली दुसरी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना त्यांनी माणसांत परत घेतले.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण रंग ओळखण्यात त्यांची दृष्टी कमी पडे, म्हणून ती वाट सुटली. मग यंत्रांची रेखाटने शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिक्षक झाले. तेथे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलण्यात आले. नोकरी सोडून ते बेळगावी वडील बंधू रामूअण्णांकडे आले. तेथे सायकलींचे दुकान होते. त्यातूनच पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तयार होऊ लागले. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे पहिला नांगर विकण्यास दोन वर्षे लागली.

पुढे नगरपालिकेने कारखान्याची जागा मागितली व बिऱ्हाड उचलावे लागले. अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन व १० हजार रुपये बिनव्याजी दिले. जमीन ओसाड, निवडुंगाने भरलेली, सापांची वस्ती असलेली. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

या वाडीत कोण माणसे जमली ते पाहण्यासारखे आहे. शंभोराव जांभेकर अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट टाकून आलेले. ते वाडीचे इंजिनियर झाले. अनंतराव फळणीकर मॅट्रिकपर्यंतही पोहोचले नव्हते. त्यांनी नवनवी यंत्रे घडविली. शाळेने ज्यांना नापास केले त्यांना लक्ष्मणरावांनी काम देऊन पाहिले. वाडीत अस्पृश्यता पाळण्यास त्यांनी मनाई केली.

आता प्रश्न राखणीचा. उघड्या माळावर कारखाना, यंत्रे, बायकामुले. रात्री जागणार कोण? हे काम लक्ष्मणरावांनी तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग यांच्यावर सोपविले. दोघेही दरोड्याची शिक्षा भोगून आलेले. त्या काळी सरकारच १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवीत होते. तो कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली रद्द झाला. अशा दिवसांत या दोघांच्या भरवशावर वाडी रात्री निजू लागली, आणि ते तिचे विश्वासू रक्षक ठरले.

वाचकहो, लक्ष्मणरावांनी त्यांना दूर कोठे खडी फोडण्यास बसविले नाही. ज्या बाबतीत जगाचा त्यांच्यावर विश्वास नव्हता, नेमकी तीच बाब त्यांच्या हाती दिली. यात जोखीम होती, व ती त्यांनी एकट्याची नव्हे, तर सगळ्या वाडीची म्हणून पत्करली. सुटलेल्या माणसाला नुसता पगार पुरत नाही. त्याला राहण्यास जागा, शेजारी आणि सकाळी हाक मारणारे कोणी तरी लागते. राजाने जमीन दिली, कारखान्याने काम दिले, वस्तीने शेजार दिला. तेव्हा हे साधले.

त्याच औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत स्थापन झाली. मूळचे पोलंडचे इंजिनियर मॉरिस फ्रीडमन यांचा त्यात मोठा वाटा होता. कैदी तेथे कुटुंबासह राहून शेती करीत. याच प्रयोगावरून स्फूर्ती घेऊन १९५७ साली व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट निघाला.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. आमच्या हैदराबादेतही चंचलगुडा कारागृहापाशी कारागृह खात्याने पेट्रोल पंप काढून कैद्यांना व सुटलेल्यांना काम दिले. सरकार एवढे करू शकते. परंतु भाड्याची खोली सरकार देत नाही. ती आपल्यापैकीच कोणाची तरी असते. नाताळात तुरुंगात मिठाई वाटून येणारे आपण पुष्कळ आहोत. तोच मनुष्य सुटून खोली विचारीत आपल्या दारी आला, तर काय उत्तर द्यावे याचा विचार प्रत्येक घराने आजच करून ठेवावा.