श्रीब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराज

सातारा जिल्ह्यातील माण तालुका हा पूर्वापार दुष्काळी मुलूख. तेथील गोंदवले बुद्रुक या गावी रावजी व गीताबाई घुगरदरे यांच्या पोटी माघ शुद्ध द्वादशी, शके १७६६ (१९ फेब्रुवारी १८४५) रोजी श्रीमहाराजांचा जन्म झाला. पाळण्यातले नाव गणपती. घरी कुळकर्णीपण होते, अन्नवस्त्राची ददात नव्हती. तरी लहान वयातच गुरूच्या शोधार्थ ते घराबाहेर पडले. वडीलधाऱ्यांनी परत आणून लग्न लावून दिले, पण मन रमेना. पुन्हा निघाले, अनेक साधुसंतांची दारे धुंडाळली व अखेर मराठवाड्यातील येहळेगावी श्रीतुकामाईंच्या चरणी स्थिरावले. तुकामाईंनी कठोर परीक्षा पाहून अनुग्रह दिला आणि प्रापंचिकांना रामनामास लावण्याची आज्ञा केली.

ती आज्ञा महाराजांनी जन्मभर पाळली. शेतकरी असो, कारकून असो, घरात राबणारी माउली असो; ज्याने त्याने आपले कर्तव्य चोख करावे व मुखी त्रयोदशाक्षरी राममंत्र ठेवावा, एवढीच त्यांची शिकवण. गावोगावी त्यांनी राममंदिरे स्थापिली, परंतु देवळाबरोबर नामस्मरण व अन्नदान यांचाही आग्रह धरला. दुष्काळात गोरगरिबांना शेतात काम देऊन जेवू घातले. कसायाकडे चाललेल्या गाई सोडवून आणल्या.

मार्गशीर्ष वद्य दशमी, शके १८३५ (२२ डिसेंबर १९१३) रोजी गोंदवल्यास त्यांनी देह ठेवला. कार्य मात्र थांबले नाही. कर्नाटकात श्रीब्रह्मानंद महाराजांनी व जालन्यास श्रीरामानंद महाराजांनी नामाचा प्रसार चालू ठेवला. प्रा. के. वि. बेलसरे हे महाराजांच्या निर्वाणसमयी अवघे चार वर्षांचे होते. पुढे त्यांनीच महाराजांचे विस्तृत चरित्र लिहिले. वर्षाच्या प्रत्येक तारखेस एक, अशी मांडणी केलेली महाराजांची प्रवचने आजही असंख्य घरांत रोज वाचली जातात. गोंदवल्यास आलेला भक्त आजही प्रसादाला पंक्तीत बसतो.

१९७० पासून नवी मुंबईसाठी पनवेल तालुक्यातील अनेक गावांच्या जमिनी गेल्या. भातशेतीच्या जागी इमारती आल्या. बांधावर होणाऱ्या गाठीभेटी संपल्या. सर्वांनी एकत्र बसावे असे ठिकाण पुष्कळ गावांत आता देऊळच उरले आहे. वर्गणीतून भिंती व कळस उभे राहतात, पण रोज सायंकाळी चार माणसे नामाला बसली आणि दारी आलेल्या भुकेल्यास घास मिळाला, तरच जीर्णोद्धार पुरा झाला, हा महाराजांच्या चरित्राचा बोध आहे. तशी सद्बुद्धी प्रभू रामचंद्र सर्व ग्रामस्थांस देवो.

॥ श्रीराम समर्थ ॥