शहराच्या पटावर मुलींची नावे घालणाऱ्या रमाबाई रानडे

जूनमध्ये मुलीचे नाव जवळच्या शाळेत घालायचे, ही गोष्ट आज आपल्याला श्रावणातल्या मंगळागौरीइतकी घरची वाटते. जवळच्या शाळेत तिला जागा असणे हा तिचा हक्क आहे, असे कायदाच सांगतो. पण शहरात मुले किती, त्यांना शाळा किती लागतील, हा हिशेब पुण्यात प्रथम होऊ लागला तेव्हा त्या हिशेबात मुली धराव्यात की नाही, यावरच मोठे रण माजले होते. त्या वेळी मुलींची बाजू घेऊन ज्या उभ्या राहिल्या, त्या श्रीमती रमाबाई रानडे यांचे स्मरण वर्धापनदिनी करणे उचित होईल.

रमाबाईंचा जन्म 25 जानेवारी 1862 रोजी देवराष्ट्रे येथे कुर्लेकरांच्या घरी झाला. माहेरचे नाव यमुना. त्या घरात मुलींना शिकवण्याची रीत नव्हती. 1873 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचे लग्न झाले. तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्तींनी लग्नानंतर लगेच पाटी-पेन्सिल हाती दिली आणि मराठीपासून इंग्रजीपर्यंत स्वतः शिकवले. दिवसा घरातील वडील बायकांची बोलणी ऐकावीत, वाट्याचे काम मुकाट्याने उरकावे आणि रात्री धडा घ्यावा, असा त्यांचा क्रम कित्येक वर्षे चालला. शिकण्याची किंमत काय पडते, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

1884 साली पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढावे म्हणून खटपट चालली होती. तेव्हा गव्हर्नरांसमोर भरलेल्या सभेत रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचले. त्याबद्दल घरी शब्दांचा मार खावा लागला, तोही त्यांनी सोसला. त्याच साली हुजूरपागेची शाळा निघाली.

1901 च्या जानेवारीत न्यायमूर्ती निवर्तले. त्या वेळी रमाबाईंना चाळिसावे वर्षही लागले नव्हते. पुण्यास येऊन त्यांनी एक वर्ष जवळजवळ एकांतात काढले. पुढे मात्र त्या घराबाहेर पडल्या त्या कामासाठीच. तुरुंगातील स्त्रियांना भेटावे, रुग्णालयात आजाऱ्यांची विचारपूस करावी, असे त्यांचे चाले. 1904 साली मुंबईत भरलेल्या पहिल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. 1909 साली श्री. गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने त्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले.

सेवासदनात विधवा, परित्यक्ता, संसारी अशा सर्व प्रकारच्या स्त्रिया येत. कोणी लिहावाचायला शिके, कोणी ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेई, तर कोणी प्राथमिक शाळेची शिक्षिका होण्याची तयारी करी. यातील शेवटच्या कामाचे मोल पुढे कळून आले. मुलींच्या शाळा वाढवायच्या म्हटले की पहिला प्रश्न येई तो शिक्षिका कोठून आणायच्या हा. पुरुष मास्तरांच्या हाती मुलगी सोपवण्यास पुष्कळ पालक तयार नसत. त्या प्रश्नाचे उत्तर रमाबाईंच्या अंगणात तयार होत होते.

सक्तीच्या शिक्षणाची मागणी पुण्याला नवी नव्हती. महात्मा फुले यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे ती केली होती. नामदार गोखले यांनी 1911 साली त्यासाठी बिल आणले, पण ते नामंजूर झाले. पुढे श्री. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात 1918 चा कायदा झाला आणि म्युनिसिपालिट्यांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा मिळाली. मात्र योजना आखण्याचे काम त्या त्या शहराचे होते. त्यासाठी शाळेच्या वयाची मुले मोजायची, कोणत्या पेठेत किती जागा कमी पडतात ते पाहायचे, शाळागृहे व शिक्षक मिळवायचे आणि हे सारे कराच्या पैशात बसवायचे.

पुण्यात हा विचार निघाला तेव्हा पैशाचा प्रश्न पुढे आला. उत्पन्न बेताचे, तेव्हा आधी मुलग्यांना सक्ती करावी, मुलींचे मागाहून पाहू, असे अनेक वजनदार मंडळींचे मत पडले. लोकमान्य टिळकांच्या पक्षाचा कलही तिकडेच होता. पैशाची अडचण खोटी नव्हती, हेही न्यायाने म्हटले पाहिजे. पण मागाहून म्हणजे कधी, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. एकदा शाळा, मास्तर आणि अंदाजपत्रक मुलग्यांच्या संख्येवर बेतले, की मुलींसाठी नवी जागा करणे वर्षानुवर्षे लांबणार, हे संसाराचा हिशेब ठेवणाऱ्या बायकांना चांगले कळत होते. घरात पंगत बसवताना मागून बसणाऱ्यांच्या वाट्याला काय उरते, हे त्यांना सांगण्याची गरज नव्हती.

1920 साली रमाबाईंनी या प्रश्नावर पुण्यातील स्त्रियांना एकत्र केले. सभा झाल्या आणि बायकांची मिरवणूक म्युनिसिपालिटीकडे गेली. मुलामुलींना सक्ती एकदमच लागू करा, एवढेच त्यांचे मागणे होते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनीही या चळवळीत भाग घेतला. त्या काळी घरंदाज बायकांनी भर रस्त्यातून मागणी घेऊन जाणे ही सामान्य गोष्ट नव्हती. त्यांच्या पुढे वयाची साठी जवळ आलेल्या, मृदू बोलणाऱ्या रमाबाई होत्या. स्वभावाने त्या भांडखोर मुळीच नव्हत्या. आपल्या म्हणण्यापासून तसूभर न ढळता समोरच्याचा मान राखणे त्यांना साधले होते.

हा प्रश्न एका मिरवणुकीने सुटला नाही. पण मुलींना वगळून शहराच्या शाळांची योजना करणे ही त्यानंतर गुपचूप होण्याजोगी गोष्ट राहिली नाही. पुढे रमाबाईंनी स्त्रियांच्या मताधिकारासाठीही चळवळ केली. 1924 साली त्या निवर्तल्या. 1962 साली, त्यांच्या जन्मशताब्दीस, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

त्यांची मागणी देशाच्या कायद्यात पूर्णपणे उतरायला पुष्कळ काळ जावा लागला. 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला मोफत व सक्तीचे शिक्षण देणारा कायदा 2009 साली झाला व 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला.

भगिनींनो, कायदा झाला तरी मोजणी राहतेच. बांधकामावरच्या बिऱ्हाडातली मुलगी, गावाकडून मावशीकडे कामाला म्हणून आणलेली मुलगी, धाकट्याला सांभाळायला घरी ठेवलेली मुलगी, या आजही पटावरून निसटतात. आपल्या आळीत अशी एखादी दिसली, तर तिच्या आईशी दोन शब्द बोलावे आणि जवळच्या शाळेपर्यंत तिच्याबरोबर जावे. रमाबाईंचे स्मरण याहून चांगल्या रीतीने करता येईल असे वाटत नाही.