रक्त पातळ करणारी गोळी आणि तिचा उतारा: कार्ल पॉल लिंक यांची गोष्ट

हृदयाची झडप बदललेली असेल किंवा पायाच्या शिरेत गुठळी झाली असेल, तर तुम्हाला वॉरफरिन किंवा असिनोकुमारॉल ही गोळी सुरू असू शकते. अशा वेळी घरातल्या सगळ्यांच्या मनात एक भीती असते. गोळीचा परिणाम जास्त झाला आणि रक्त थांबेना, तर काय करायचे? उताऱ्याचे इंजेक्शन दिले की लगेच सगळे ठीक होते का?

याचे उत्तर समजून घेण्यासाठी ही गोळी ज्यांच्या प्रयोगशाळेत जन्मली, त्या कार्ल पॉल लिंक यांच्या आयुष्याकडे पाहू. ही गोष्ट एका गोठ्यापासून सुरू होते. जुन्नर-आंबेगावात डेअरीला दूध घालणाऱ्या घरांना ती परकी वाटणार नाही.

बर्फातून आलेला शेतकरी

लिंक यांचा जन्म १९०१ साली अमेरिकेतील इंडियाना राज्यात झाला. वडील धर्मोपदेशक, घरात दहा भावंडे. विस्कॉन्सिन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून ते पुढील शिक्षणासाठी युरोपात गेले. तिथे त्यांना क्षयरोगाने गाठले. बरे होऊन ते विस्कॉन्सिनला परतले आणि तिथेच प्राध्यापक झाले.

फेब्रुवारी १९३३ मध्ये एक शेतकरी बर्फाच्या वादळातून सुमारे ३०० किलोमीटर प्रवास करून त्यांच्याकडे आला. सोबत एक मेलेली गाय, दुधाच्या कॅनमध्ये भरलेले तिचे रक्त आणि खराब झालेली वैरण होती. त्याची जनावरे रक्तस्राव होऊन मरत होती. कॅनमधले रक्त अजूनही पातळच होते, गोठले नव्हते.

ती वैरण म्हणजे स्वीट क्लोव्हर, आपल्याकडच्या लसूणघासाच्या नात्यातली वनस्पती. ताजी असताना ती जनावरांना चालत असे. ओलसर राहून बुरशी लागली की मात्र तिच्यात विष तयार होई. बुरशी लागलेली वैरण बंद करा आणि जनावराला निरोगी जनावराचे रक्त द्या, एवढाच उपाय तेव्हा माहीत होता. त्या दिवशी लिंक यांना शेतकऱ्याला आणखी काही देता आले नाही.

सहा वर्षांची मेहनत

ती खंत त्यांच्या मनात राहिली. १९३९ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत ते विष शुद्ध स्वरूपात वेगळे झाले. त्याला डायक्युमेरॉल हे नाव मिळाले आणि थोड्याच काळात ते गुठळ्यांवरचे औषध म्हणून माणसांना देऊ लागले. याचा परिणाम व्हिटॅमिन के उलटवते, हेही लिंक यांच्या गटाने दाखवले. औषधाबरोबरच त्याचा उताराही हाती आला.

पुढे क्षयरोग उलटला. रुग्णालयात पडून असताना लिंक उंदरांच्या बंदोबस्ताविषयी वाचत राहिले. त्यातून याच कुळातले अधिक प्रभावी रसायन उंदरांसाठी वापरण्याची कल्पना पुढे आली. १९४८ मध्ये वॉरफरिन उंदरांचे विष म्हणून बाजारात आले. १९५१ मध्ये हे विष घेतलेला एक अमेरिकी सैनिक रुग्णालयात दाखल झाला. व्हिटॅमिन के आणि रक्त देऊन तो पूर्ण बरा झाला. या विषाला भरवशाचा उतारा आहे हे डॉक्टरांना दिसले. १९५४ मध्ये वॉरफरिनला माणसांसाठी मान्यता मिळाली, आणि १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते देण्यात आले.

उतारा नेमके काय करतो?

आपले यकृत व्हिटॅमिन केच्या मदतीने रक्त गोठवणारे काही घटक तयार करते. वॉरफरिन व्हिटॅमिन केचा पुन्हा वापर होऊ देत नाही, त्यामुळे हे घटक कमी पडतात. व्हिटॅमिन केचे इंजेक्शन यकृताला कच्चा माल पुरवते, पण नवे घटक तयार व्हायला वेळ लागतो. शिरेतून दिले तरी परिणाम दिसायला साधारण ४ ते ६ तास लागतात, आणि पूर्ण परिणामाला १२ ते २४ तास. म्हणून मोठा रक्तस्राव असेल, तर सोबत तयार घटकांचे इंजेक्शन किंवा प्लाझ्मा द्यावा लागतो.

उताऱ्याची दुसरी बाजूही आहे. रक्त पुन्हा गोठू लागले की ज्या गुठळीसाठी गोळी सुरू होती, तिचा धोकाही परत येतो. व्हिटॅमिन के जास्त दिले गेले, तर पुढचे काही दिवस गोळी नीट लागू पडत नाही. कृत्रिम झडप असलेल्यांसाठी हे गंभीर ठरू शकते. त्यामुळे उतारा किती द्यायचा आणि गोळी पुन्हा कधी सुरू करायची, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

तुम्ही काय लक्षात ठेवावे?

- प्रत्येक औषधाचा उतारा वेगळा असतो. हेपॅरिनला प्रोटामिन, डॅबिगॅट्रानला इडॅरुसिझुमॅब. रिव्हारॉक्साबॅन, अपिक्साबॅन आणि ॲस्पिरिन यांवर व्हिटॅमिन के चालत नाही. म्हणून गोळीचे पाकीट किंवा नाव लिहिलेली चिठ्ठी कायम जवळ ठेवा.
- डोक्याला मार लागला, काळी शौच झाली, उलटीतून रक्त आले किंवा रक्त थांबत नसेल, तर वाट पाहू नका. जुन्नरहून पुणे सुमारे ९० किलोमीटर आहे आणि उताऱ्यालाही वेळ लागतो. आधी जवळच्या रुग्णालयात जा आणि गोळीचे नाव सांगा.
- घोणस चावल्यावरही रक्त गोठत नाही, पण त्याचे कारण वेगळे आहे. तिथे व्हिटॅमिन केचा उपयोग नाही, सर्पविषावरची लसच लागते.
- उंदराचे औषध कोणी खाल्ले, तर त्रास दिसत नसला तरी पाकीट घेऊन लगेच रुग्णालयात जा. काही प्रकारांत रक्तस्राव दोन-तीन दिवसांनी सुरू होतो.
- मेथी, पालक बंद करू नका. दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात खा आणि आयएनआर तपासणी चुकवू नका.
- भीती वाटली म्हणून गोळी स्वतःहून थांबवू नका.

लिंक १९७८ मध्ये हृदय निकामी होऊन वारले. ज्या शेतकऱ्याला त्यांना रिकाम्या हाती परत पाठवावे लागले, त्याच्या कॅनमधल्या रक्तापासून त्यांनी काम सुरू केले होते. आज उतारा उपलब्ध आहे. तो वेळेत मिळावा, यासाठी गोळीचे नाव घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या.