लोकांचा राष्ट्राध्यक्ष

आशिया खंडाच्या आग्नेयेस फिलिपीन्स नावाचा देश आहे. सात हजारांहून अधिक लहानमोठ्या बेटांचा तो बनलेला आहे. या देशातील झांबालेस प्रांतात, इबा या गावी, ३१ ऑगस्ट १९०७ रोजी रॅमन मॅगसेसे यांचा जन्म झाला. त्यांचे वडील लोहारकाम करीत. आई शिक्षिका होती. शिक्षण पुरे करून रॅमन यांनी एका बस कंपनीत मेकॅनिकची नोकरी धरली. हात तेलाने माखले तरी त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. आपल्या उद्योगशीलतेने ते पुढे तेथेच व्यवस्थापक झाले.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने फिलिपीन्सवर स्वारी केली. काही महिन्यांत देश शत्रूच्या हाती गेला. परंतु मॅगसेसे शरण गेले नाहीत. झांबालेसच्या डोंगरांत राहून गनिमी काव्याने लढणाऱ्या सैन्याचे ते नायक झाले. युद्ध संपले. १९४६ साली देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी झांबालेसच्या जनतेने त्यांना आपला प्रतिनिधी म्हणून निवडून दिले.

स्वातंत्र्य आले, तरी शेतकऱ्याची दैना संपली नव्हती. लुझॉन बेटावरील पुष्कळशी जमीन मोठ्या जमीनदारांची होती. कुळांनी घाम गाळावा आणि पिकाचा मोठा वाटा मालकाने न्यावा, असा प्रकार चाले. त्यातून ‘हुक’ बंडखोरांचा उठाव भडकला. गावकऱ्यांना बंडखोरांची भीती वाटे, तशीच सरकारी सैनिकांचीही वाटे. अशा बिकट वेळी, १९५० साली, मॅगसेसे संरक्षणमंत्री झाले.

केवळ बंदुकीने हे बंड शमणार नाही, हे त्यांनी ओळखले. ते पूर्वसूचना न देता सैन्याच्या तळांवर जात व लोकांना छळणाऱ्या अधिकाऱ्यांना शासन करीत. कोणाही नागरिकाला अवघ्या दहा सेंटाव्होंत तार करून आपले गाऱ्हाणे थेट मंत्र्यांकडे मांडता येईल, अशी सोय त्यांनी केली. शस्त्रे खाली ठेवणाऱ्या बंडखोरांना मिंदानाओ बेटावर कसण्यासाठी जमीन देण्याची योजनाही त्यांनी आखली. हळूहळू लोकांचा विश्वास परत आला व बंडाचा जोर ओसरला.

१९५३ साली जनतेने त्यांना राष्ट्राध्यक्ष निवडले. शपथविधीच्या दिवशी त्यांनी परदेशी पोशाख न करता आपल्या देशातील साधा सदरा घातला. राष्ट्राध्यक्षांच्या वाड्याची दारे त्यांनी सर्वांसाठी खुली केली. अनवाणी शेतकरीही तेथे येऊन आपले दुःख सांगू लागला. तक्रारींची दाद घेण्यासाठी त्यांनी एक स्वतंत्र समिती नेमली, खेड्यांत पिण्याच्या पाण्यासाठी विहिरी खोदविल्या आणि कुळांना संरक्षण देणारा कायदा करविला.

परंतु हे कार्य अपुरेच राहायचे होते. १६ मार्च १९५७ रोजी ते सेबू शहरी गेले. तेथील शिक्षणसंस्थांत भाषणे करून मध्यरात्रीनंतर ते हवाई दलाच्या विमानाने मनिलाकडे निघाले. उड्डाणानंतर थोड्याच वेळात विमान मानुंगल डोंगरावर कोसळले. विमानातील २६ जणांपैकी २५ जण मृत्युमुखी पडले. केवळ एक वार्ताहर वाचला. राष्ट्राध्यक्षांबरोबर शिक्षणमंत्री आणि हवाई दलाचे प्रमुखही गेले. यंत्रातील धातूचा एक भाग झिजून तुटल्यामुळे हा अपघात घडला, असे चौकशीत आढळले. मॅगसेसे यांचे वय तेव्हा अवघे एकोणपन्नास वर्षांचे होते. आपला माणूस गेला, या दुःखाने सारा देश हळहळला.

त्यांच्या स्मरणार्थ आशियातील थोर लोकसेवकांना मॅगसेसे पुरस्कार देण्याची प्रथा १९५८ साली सुरू झाली. पहिल्याच वर्षी तो मान भूदानासाठी गावोगाव पायी हिंडणाऱ्या विनोबा भावे यांना मिळाला. १९५९ साली चिंतामणराव देशमुख आणि १९८५ साली बाबा आमटे यांचाही या पुरस्काराने गौरव झाला. भूमिहीनांसाठी झटणाऱ्या मॅगसेसे यांच्या नावाचा पहिला मान भूमिहीनांसाठीच चालणाऱ्या विनोबांना लाभावा, यापरते उचित स्मारक कोणते?