राजे रघुजी भोसले आणि सेनासाहेब सुभा ही पदवी



२०२५ साली महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून एक तलवार विकत घेतली आणि ती मुंबईला आणली. बातम्यांमध्ये तिचे फोटो आले. मी एक फोटो वर्गात मोबाईलवर दाखवला. पातं सरळ, युरोपात घडवलेलं. त्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याच्या अक्षरांत रघुजी भोसल्यांचं नाव, आणि नावापुढे सेनासाहेब सुभा. एका मुलाने लगेच विचारलं की सर, हे आडनाव आहे का? प्रश्न साधा होता, पण उत्तर देता देता एका माणसाचं सगळं आयुष्य सांगावं लागलं. तेच इथे मांडतो.

सेनासाहेब सुभा हे आडनाव नाही, ती पदवी आहे. सेनेचा साहेब आणि सुभ्याचा, म्हणजे प्रांताचा कारभारी, असा तिचा अर्थ. पदवी नुसती मिरवायची नव्हती. स्वतःचं सैन्य बाळगायचं, नेमून दिलेल्या मुलखातून चौथ आणि सरदेशमुखी गोळा करायची आणि ठरलेला हिस्सा छत्रपतींकडे साताऱ्याला पाठवायचा, हे काम तिला जोडलेलं होतं. जगात इतरत्रही अशा पदव्या होत्या. फ्रान्सचे राजे आपल्या धाकट्या भावाला किंवा मुलाला ऑर्लेआँचा ड्यूक करत, सोबत मुलूखही देत. तो वंश खुंटला की पदवी पुन्हा राजाकडे येई आणि दुसऱ्या नातलगाला मिळे. आपल्याकडेही पदवी छत्रपती देत आणि ती बहुधा एकाच घराण्यात राही.

हे घराणं म्हणजे हिंगणीकर भोसले. १७०७ साली औरंगजेब मेला आणि शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत आले. हा खरा शाहू की तोतया, अशी शंका तेव्हा घेतली जात होती. अशा वेळी वऱ्हाडातले परसोजी भोसले सगळ्यात आधी त्यांना येऊन मिळाले. त्या निष्ठेबद्दल शाहू महाराजांनी त्यांना सेनासाहेब सुभा केलं. परसोजींनंतर पदवी त्यांचा मुलगा कान्होजी याच्याकडे आली.

रघुजी हे बिंबाजींचे पुत्र आणि कान्होजींचे पुतणे. कान्होजींना मूल नव्हतं, म्हणून त्यांनी रघुजींना जवळ केलं. पुढे कान्होजींना मुलगा झाला आणि घरात रघुजींची जागा बदलली. चुलत्याशी पटेना. रघुजी बाहेर पडले, देवगडच्या गोंड राजाकडे चाकरी केली, एलिचपूरच्या नवाबाकडे राहिले आणि शेवटी साताऱ्याला पोहोचले. तिथे त्यांच्या धाडसावर शाहू महाराज खूश झाले. महाराजांच्या एक राणी शिर्क्यांच्या. त्यांच्याच घराण्यातल्या मुलीशी रघुजींचं लग्न लावून दिलं. अशा रीतीने रघुजी छत्रपतींचे सोयरे झाले.

तिकडे कान्होजींनी हिशेब पाठवायचं टाळलं, हुकूम मानेनासे झाले. महाराजांनी त्यांच्यावर रघुजींनाच धाडलं. पुतण्याने चुलत्याला पकडलं. कान्होजी साताऱ्याच्या कैदेतच वारले. १७३०-३१ च्या सुमारास सेनासाहेब सुभा ही पदवी रघुजींना मिळाली. पदवी मिळण्यात कर्तबगारी होती, सोयरीक होती आणि चुलत्याची कैदही होती. मुलांना सांगताना यातला एकही भाग गाळू नये असं मला वाटतं.

पदवी मिळाल्यावर रघुजी स्वस्थ बसले नाहीत. १७४० मध्ये ते कर्नाटकात उतरले. सोबत शाहू महाराजांचे मानसपुत्र, अक्कलकोटचे फत्तेसिंह भोसले होते. दामलचेरीच्या घाटात अर्काटचा नवाब दोस्त अली मारला गेला. १७४१ मध्ये त्रिचनापल्ली घेतली आणि तिथला चंदासाहेब कैदी म्हणून साताऱ्याला आला. त्याचं कुटुंब पाँडेचेरीत फ्रेंचांच्या आसऱ्याला होतं. ते ताब्यात द्या म्हणून रघुजींनी फ्रेंच गव्हर्नर द्यूमाकडे मागणी केली, पण त्याने नकार दिला.

नागपूरची गोष्ट जास्त विचार करायला लावणारी आहे. देवगडचा राजा चांद सुलतान वारला आणि वलीशाहाने गादी बळकावली. विधवा राणी रतनकुंवरने रघुजींना मदतीला बोलावलं. रघुजींनी वलीशाहाला हरवलं आणि गादी राणीच्या मुलांना मिळवून दिली. पुढे त्या दोन भावांत भांडण लागलं. १७४३ मध्ये रघुजी पुन्हा आले, बुऱ्हाणशाहाच्या बाजूने उभे राहिले, पण या वेळी परत गेले नाहीत. कारभार स्वतःकडे घेतला. बुऱ्हाणशाहाला राजा हे नाव आणि खर्चापुरती नेमणूक राहिली. नागपूर भोसल्यांची राजधानी झालं. हा प्रसंग लक्षात ठेवा, शेवटी तो पुन्हा लागणार आहे.

मग बंगाल. १७४२ मध्ये रघुजींचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले. पुढच्या वर्षी रघुजी स्वतः गेले, तर नवाब अलिवर्दीखानाच्या मदतीला पेशवे बाळाजी बाजीराव उभे! दोन मराठी फौजा परमुलखात समोरासमोर. शेवटी शाहू महाराजांनी मध्यस्थी करून दोघांचे मुलूख वाटून दिले. १७४४ मध्ये अलिवर्दीने भेटीला बोलावून भास्कररामांना आणि त्यांच्या सरदारांना दगा करून मारलं. तरी रघुजींनी स्वाऱ्या थांबवल्या नाहीत. १७५१ च्या तहात ओडिशा त्यांच्या ताब्यात आला आणि बंगालची चौथ म्हणून वर्षाला १२ लाख रुपये ठरले.

आपल्याकडे हा पराक्रम म्हणून शिकवला जातो, आणि एवढ्या दूरवर फौज नेणं सोपं नव्हतंच. पण बंगालमध्ये या स्वारांना बर्गी म्हणतात आणि लहान मुलांना झोपवायच्या गाण्यात त्यांची भीती आजही आहे. जाळलेली गावं, लुटलेलं धान्य, घरदार सोडून पळालेली माणसं, हे सगळं तिथल्या आठवणीत आहे. मुलांना हे सांगितलं तर रघुजी लहान होतात का? मला तसं वाटत नाही. आपल्या धारूरच्या किल्ल्याखाली राहणाऱ्यांनी आदिलशाही पाहिली, निजामशाही पाहिली, मोगल पाहिले. सैन्य कोणाचंही असो, वाटेतल्या शेतकऱ्याचं काय होतं हे आपल्या पूर्वजांनीही भोगलेलं आहे.

फेब्रुवारी १७५५ मध्ये रघुजी नागपूरला वारले. चार मुलगे मागे राहिले: जानोजी, मुधोजी, साबाजी, बिंबाजी. जानोजी वयाने मोठे, तर मुधोजी थोरल्या राणीचे. पदवी कोणाची, यावरून वाद पेटला. पेशव्यांनी जानोजींना सेनासाहेब सुभा केलं आणि मुधोजींसाठी सेनाधुरंधर अशी दुसरी पदवी काढली. १७७२ मध्ये जानोजी गेल्यावर साबाजी आणि मुधोजी हातघाईवर आले. १७७५ साली नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत साबाजी मारले गेले, तेही भावाच्याच गोळीने. जी पदवी चुलत्याला कैद करून घरात आली, तिच्यासाठी पुढच्या पिढीत भावाने भावाचा जीव घेतला.

१८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला आणि खरी सत्ता इंग्रजांच्या हातात गेली. १८५३ मध्ये तिसरे रघुजी पुत्राविना वारले. डलहौसीने दत्तक नाकारून १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. राजवाड्यातल्या वस्तूंचा लिलाव झाला. नंतर इंग्रजांनी घराण्यातल्या दत्तक वारसाला नवी पदवी दिली, राजे बहाद्दर देऊर. देऊर हे सातारा जिल्ह्यातलं गाव. पदवी भारदस्त, नेमणूक ठरलेली, पण राज्य नाही.

आता बुऱ्हाणशाहा आठवा. रघुजींनी त्याच्याकडे नाव ठेवलं आणि सत्ता काढून घेतली. शंभर-सव्वाशे वर्षांनी इंग्रजांनी रघुजींच्या घराण्याचंही तेच केलं. माझ्या मते या चरित्रातून मुलांना द्यायची गोष्ट हीच. पदवी नात्याने, वारशाने मिळू शकते. पण तिच्यामागचं काम आणि घरातली एकी गेली की ती फक्त अक्षरं उरतात, मग ती सोन्याची का असेनात.

वर्गात चर्चेसाठी काही प्रश्न:

१. पदवी आणि आडनाव यात काय फरक आहे?
२. रघुजींना पदवी का मिळाली? तुम्हाला किती कारणं सापडतात?
३. बंगालमधल्या एखाद्या मुलाने रघुजींची गोष्ट सांगितली, तर ती कशी असेल?
४. नकाशात सातारा, नागपूर, त्रिचनापल्ली आणि कटक दाखवा. घोड्यावरून हे अंतर कापायला काय काय लागेल?

तिसऱ्या प्रश्नाला घाई करू नका. मुलांना थोडा वेळ द्या, ती छान बोलतात. पालकांनीही रात्री जेवताना हा प्रश्न घरी विचारून बघावा.