इरावती कर्वे : १४९ कवट्या मोजून त्यांनी काय सिद्ध केले?

‘युगान्त’च्या लेखिका इरावती कर्वे यांनी डॉक्टरेट मिळवली ती माणसाच्या कवटीवर संशोधन करून.

इरावतींचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. तिथल्या इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. शिक्षण पुण्यात हुजूरपागा आणि फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. मुंबईत गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली एम.ए. करून १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या.

प्रश्न काय होता?

बर्लिनमधील त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे शास्त्रज्ञ होते. युरोपीय माणसाची बुद्धी अधिक तर्कशुद्ध, म्हणून त्याची कवटी दोन बाजूंना अधिक असमान असणार, असा त्यांचा तर्क होता. तो तपासण्याचे काम इरावतींकडे आले. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. कवटीच्या दोन बाजूंत फरक आढळला, पण त्याचा वंशाशी संबंध दिसला नाही. निष्कर्ष मार्गदर्शकाच्या विरोधात जात होता. परक्या देशात पदवी त्याच मार्गदर्शकाच्या हाती होती. तरीही त्यांनी तो तसाच मांडला. डॉक्टरेट मिळाली, गुण मात्र कमी पडले.

आजचे विज्ञान काय सांगते?

कवटीचे छत पातळ पडद्यातून थेट हाड होते. तळ मात्र भ्रूणात आधी कूर्चेचा असतो आणि मग त्याचे हाड बनते. कूर्चा घडवायला सॉक्स-९ हे जनुक लागते. एफजीएफआर-३ या जनुकातील एका बदलामुळे कूर्चेची वाढ मंदावते आणि तळ आखूड राहतो. तळातील कूर्चेचा एक महत्त्वाचा सांधा किशोरवयापर्यंत वाढत असतो. डाव्या-उजव्या बाजूंची जनुके तीच असली, तरी इतक्या लांबलेल्या वाढीत थोडाफार फरक पडतोच. तो प्रत्येक मानवसमूहात आढळतो.

पुढचा प्रवास

१९३९ पासून इरावती पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये होत्या. मोजमापे त्यांनी सोडली नाहीत. महाराष्ट्रातील अनेक जातींच्या लोकांची शरीरे त्यांनी मोजली आणि एकाच नावाखाली मोडणाऱ्या जातींचे मूळ एकच असेल असे नाही, हे दाखवले. भारतातील नातेव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये आला, ‘युगान्त’ १९६७ मध्ये. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

फिशर यांच्या विचारांचा आधार पुढे नाझींनी घेतला. त्यांच्याच संस्थेत, त्यांच्याच मोजपट्टीने, एका मराठी विद्यार्थिनीने त्या विचाराचा एक आधार आधीच काढून घेतला होता.